गुळव्याचा चेहरा

सोनई,
९ डिसेंबर १९७३

प्रिय कानिफकाका,

तुमच्या पाया पडते. आम्ही सगळे मजेत आहोत. गुऱ्हाळ सुरू झालं. दुष्काळात चुलवाण थंड पडलं होतं, त्यात मांजर व्यायली होती. यंदा ऊस असा वाढला आहे की बैल आत शिरला तर शिंगंसुद्धा दिसत नाहीत. आबा रस उकळायच्या काहिलीजवळून हलत नाहीत. आई म्हणते, यांचं लग्न माझ्याशी लागलं का काहिलीशी, ते एकदा भटजींना विचारायला हवं.

आता मुद्द्याचं. मागच्या गुरुवारी पारनेरचे पाहुणे मला बघायला आले होते. स्थळ सहादेवमामानं आणलं होतं. मुलगा गोरक्षनाथ, तिकडे प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. सोबत त्याचे वडील काकासाहेब. माळकरी गृहस्थ, धोतर बगळ्यासारखं पांढरं, बोलणं तोलून. चहा-पोहे झाले. गुरुजींनी मला एकच विचारलं, वाचायला काय आवडतं? मी म्हटलं, मिळेल ते. ढेपेला गुंडाळायला आणलेला कागदसुद्धा सोडत नाही. ते हसले. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं.

मग काकासाहेब म्हणाले, "यजमान कुठं आहेत?" आबा गुऱ्हाळावर होते. गूळ यायच्या वेळेला गुळव्या काहील सोडून उठत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे, पण पारनेरकडे ऊस कुठला? तिकडे ज्वारी आणि मटकी. तेव्हा पाहुणेच तिकडे गेले. तो कोपरा तुम्हाला आठवत असेल. उकळत्या रसावरची घाण काढून ती मळी पिंपात टाकतात, आणि चार दिवसांत पिंप आंबतं. आमच्या नाकाला तो वास आता येतच नाही. त्यात आबांचा चेहरा. नाक लाल, गाल लाल, गालांवर लाल रेघांचं जाळं, चुलवाणाच्या धगीनं ते अजून पेटलेलं, आणि धुरानं डोळेही तसेच. काकासाहेबांनी उपरण्यानं नाक धरलं. रसाचा पेला पुढे केला तर म्हणाले, आज उपवास आहे. पोहे खाऊन आलेला माणूस!

दोन दिवसांनी सहादेवमामा आला आणि ओट्यावर बसून नुसताच तंबाखू मळत राहिला. आईनं खोदून विचारल्यावर म्हणाला, "पोरगी पसंत हाय. पर बाप दिवसाढवळ्या पितो म्हनत्यात. तोंडावर दिसतंय, वासबी आला." मामानं शपथ घेतली, तर त्यांचं उत्तर, मेव्हणा मेव्हण्याचीच बाजू घेणार.

काका, ज्या माणसानं उभ्या जन्मात सुपारी खाल्ली नाही, त्याच्यावर हे! आबांना आम्ही काही कळू दिलं नाही. पत्रिका जुळली नाही असं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि काहिलीकडे गेले.

तुम्ही एवढ्या मोठ्या दवाखान्यात यंत्रं सांभाळता. तिथे या लालीवर काही औषध आहे का? मला त्या स्थळाचं काही नाही. पण उद्या दुसरे पाहुणे येतील, तेही हेच म्हणतील.

तुमची,
छबू


अमेरिका,
२७ डिसेंबर १९७३

चिरंजीव छबू,

खूप आशीर्वाद. तुझं पत्र बर्फातून चालत आलेल्या पोस्टमननं दिलं. गंमत म्हणजे त्याचा चेहरा दादासारखाच आहे. नाक लाल, गालांवर जाळं. इथे असे चेहरे पुष्कळ, आणि त्यांनाही लोक हळूच तेच विचारतात. म्हणजे अक्कल दोन्हीकडे सारखीच वाटलेली आहे.

मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कातडीखाली रक्ताच्या केसासारख्या बारीक नळ्या असतात. काहींच्या चेहऱ्यावर त्या फुगतात आणि मग मिटत नाहीत. काही घराण्यांत हे असतंच. ऊन, जाळ, कढत चहा यांनी वाढतं. दारू न पिणाऱ्यांनाही होतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, जणू मीच शंका घेत होतो.

आता ऐक. मी ज्या खोलीत काम करतो तिथे एक नवं यंत्र आलं आहे. त्याला लेसर म्हणतात. त्यातून प्रकाशाची एक बारीक तार निघते, मोरपिसाच्या निळ्या-हिरव्या रंगाची. तिला कातडी अडवत नाही, पण रक्ताचा लाल रंग तिला पिऊन टाकतो. त्या उष्णतेनं फुगलेली नळी आतल्या आत मिटते. सुरी नाही, टाका नाही. अजून सगळं प्रयोगाच्या पातळीवर आहे, थोड्याच लोकांवर केलं आहे. त्या यंत्राचं पाणी आणि वीज मी बघतो, म्हणून डॉक्टर माझं ऐकतात. ते म्हणाले, भावाचा फोटो मागवा, रंगीत आणि जवळून काढलेला. जमण्यासारखं असेल तर मी दादाच्या येण्याचं बघतो. गुऱ्हाळ संपल्यावर चैत्रात यायला त्याला काय हरकत आहे?

आणि छबूताई, ज्या स्थळाचं तुला काही नाही, त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं हे सातासमुद्रापलीकडच्या चुलत्याला कळवायचं काय कारण?

कानिफकाका


सोनई,
१४ जानेवारी १९७४, संक्रांत

प्रिय काका,

तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही, म्हणून नुसतंच गोड बोलते. बटणाचं सहज लिहिलं होतं. तुम्ही फार चहाटळ झाला आहात.

फोटोची हकिगत ऐका. सोनईत रंगीत फोटो निघत नाही. आबांना म्हटलं, कानिफकाकांना सगळ्यांचा फोटो हवा आहे, नगरला जाऊ. ते लगेच तयार झाले. धाकट्या भावाचं नाव काढलं की त्यांना दुसरं काही लागत नाही. माळीवाड्याजवळ श्रीमंत फोटोवाल्यांचा स्टुडिओ आहे. पाटीवर "रंगीत" असं लिहिलेलं. त्यांनी तिघांचा एक काढला आणि आबांचा एकट्याचा जवळून. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की चेहऱ्याचा रंग जसा आहे तसाच यायला हवा. ते म्हणाले, "बाई, काळजीच सोडा. रंगाच्या बाबतीत जिल्ह्यात आपला हात धरणारा नाही."

आठ दिवसांनी फोटो आले, ते सोबत जोडले आहेत. मला जरा वेगळे वाटतात, पण रंग आहेत खरे.

आईला तुमच्या पत्रातला प्रकाश फार आवडला. विचारते, प्रकाश दिसतो मोरपिशी, मग तोंडावर मोरपिशी डाग तर राहणार नाही ना?

छबू


अमेरिका,
४ फेब्रुवारी १९७४

चि. छबू,

फोटो मिळाले. मी मोठ्या ऐटीत डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि विचारलं, "यांपैकी पेशंट कोण?"

अगं, फोटो काळा-पांढराच काढलाय आणि वरून कुंचल्यानं रंग भरलाय! तुझ्या त्या श्रीमंतांनी दादाचं नाक गव्हाळ केलं, गालांवरची एकूण एक रेघ खोडली आणि वर पावडर लावल्यासारखी झळाळी आणली. वहिनीच्या आणि तुझ्या गालांवर मात्र डाळिंबाचा रंग फासलाय. डॉक्टर म्हणाले, उपचार करायचाच झाला तर या दोघींवर करू, गृहस्थांची तब्येत उत्तम आहे. मी एवढा हसलो की मला खोलीबाहेर जावं लागलं. त्या फोटोवाल्याला आमचा नमस्कार सांग. आमच्या यंत्राला जे जमायचं आहे, ते त्यानं एका ओल्या कुंचल्यानं केलं.

असो. मी तोंडी वर्णन केलं, आमच्या वडिलांचाही चेहरा तसाच होता हे सांगितलं. डॉक्टर म्हणाले, माणूस बघितल्याशिवाय शब्द देत नाही, पण आणा. तेव्हा आता दादाला सांगायला हवं. पारनेरकरांचं मात्र सांगू नकोस. त्याला लागेल. नुसतं म्हण, काकाकडे एक नवा उपाय निघालाय.

इकडे थंडी फार आहे. मी दाढी वाढवली आहे.

कानिफकाका


सोनई,
१९ फेब्रुवारी १९७४

प्रिय कानिफ,

अक्षर बघून दचकू नकोस. आज छबूला लिहायला सांगितलं नाही. सातवीपर्यंत शिकलोय, तेवढ्यात भागवतो.

तुझं मागचं पाकीट पोस्टमननं गुऱ्हाळावर माझ्या हातात दिलं. वरती माझं नाव होतं, केअर ऑफ म्हणून. मी फोडलं, वाचलं, मग घरी येऊन छबूकडचं तुझं आधीचं पत्रही वाचलं. तेव्हा आता लपवाछपवी बंद.

अरे, पारनेरच्या पाहुण्यांनी नाक धरलं तेव्हाच मला कळलं होतं. मी गुळव्या आहे. रस कधी बिघडला, ते काहिलीकडे पाठ असली तरी मला कळतं. माणूस समोर असून कळणार नाही? पण छबू आणि तिची आई पत्रिकेचं सांगत होत्या, म्हणून मी बरं म्हणालो. त्यांनी माझ्यापासून लपवलं, मी त्यांच्यापासून लपवलं. घरात तीन माणसं, आणि तिघंही एकमेकांना जपत बसलेली. लाज मला नाही वाटली, पण माझ्या थोबाडापायी पोरीचं मोडलं हे खात होतं. गुरुजी गेल्यापासून पोरगी रोज ढेपेचे कागद सरळ करून ठेवते. मी काय आंधळा आहे?

तुझं पत्र वाचलं आणि विचार केला. तुझा प्रकाश चैत्रात. तोवर पारनेरकर दुसरीकडे सोयरीक करतील. म्हणून त्यांना एक कार्ड टाकलं. लिहिलं की मुलीचा विषय संपला, त्याबद्दल राग नाही. शनिवारी शिंगणापूरला दर्शनाला येणं झालं तर आमच्या गुऱ्हाळावर टेका. त्या दिवशी आपल्याकडून रस न घेता गेलात, ते मला बरं वाटलं नाही. वाटेवरचा अनोळखी माणूससुद्धा आमच्याकडून तसा जात नाही.

परवाच्या शनिवारी ते आले. देवाच्या दारात नाही म्हणवेना बहुतेक. मी काही शपथा घेतल्या नाहीत. म्हटलं, "बसा, एक काहील उतरेपर्यंत." सकाळपासून दुपार कलेपर्यंत बसले. आधी लांब, मग जवळ. दुसऱ्या उकळीला विचारायला लागले, आता काय टाकलं? हे कशाला? भेंडीचं पाणी टाकल्यावर घाण कशी वर येते ते बघून त्यांना राहवेना. म्हणाले, "द्या तो झारा, मी काढतो." शेतकरी माणूस तो, किती वेळ नुसता बसेल! मळी काढली, पिंपात टाकली, निम्मी धोतरावर सांडली. रस तीन पेले प्याले. काकवीबरोबर भाकरी खाल्ली. तोंड असं लाल झालं की चुलवाणात जळण घालणारा आमचा जळव्या भीमा मला कानात म्हणाला, "मालक, दुसरं तुमीच बसल्यावानी वाटतंय."

मग उपरणं झटकून उठले. पिंपाजवळ थांबले, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि एस्.टी. गाठायला गेले. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

प्रकाशाचं एक विचारतो. त्यानं नळ्या मिटल्या आणि मी पुन्हा काहिलीपुढे उभा राहिलो, तर काय? डॉक्टरला विचार. खरं ते कळव.

दाढी कशाला वाढवलीस? तुझी वहिनी झुंबर काळजी करते. म्हणते, दिराला कुणी रागावलं का.

तुझा दादा,
पुंजाराम


सोनई,
३ मार्च १९७४

काका,

आज पत्र धावतच लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

पारनेरचे पाहुणे परवा येऊन गेले. या खेपेला तिघं, काकासाहेब, त्यांच्या पत्नी रंगूबाई आणि गुरुजी. काय झालं ते गुरुजींनी सांगितलं. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं आणि काकासाहेब पलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

त्या शनिवारी ते आमच्याकडून निघाले. नगरला गाडी बदलताना कंडक्टरनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बाबा, मागच्या शिटावर बसा, आन् वकायचं आसंल तर खिडकीतून." शेजारची बाई पदर नाकाला लावून उठून गेली. गळ्यात माळ असलेल्या माणसाची ही गत! घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. रंगूबाई दारात. त्यांनी ते तोंड पाहिलं, ते डोळे पाहिले, धोतराचा वास घेतला आणि उंबऱ्यातच आडवे हात करून उभ्या राहिल्या.

"या वयात? आन् शनिवारच्या दिशी? देवाच्या नावानं?"

"अगं, मळी हाय ती! उसाची मळी!"

"सगळे असंच म्हनत्यात. गोरख, इकडं ये रं. बापाच्या तोंडाचा वास घे."

गुरुजींना खरंच वडिलांच्या तोंडाचा वास घ्यावा लागला. ते म्हणाले, "आई, गुळाचा येतोय." मग काकासाहेबांनी अंगणात अंघोळ केली आणि सगळी हकिगत सांगितली. ती ऐकता ऐकता रंगूबाईंनी ते धोतर बादलीत बुडवलं. नंतर म्हणाल्या, "म्हंजी त्या सोनईच्या मानसाला तुमीबी हेच केलंत की."

त्यावर काकासाहेब जेवले नाहीत. या खेपेला खरा उपवास.

परवा आमच्या ओट्यावर त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "पुंजारामभाऊ, मला एका गाडीत जे सोसलं न्हाई, ते तुमी जन्मभर सोसलंत." आबा म्हणाले, "चला, काहील चढलीय, बोलत बसायला वेळ न्हाई." आणि दोघंही गुऱ्हाळावर गेले. साखरपुडा तिथेच झाला, म्हणजे गूळपुडाच म्हणायचा, कारण साखर आणायला कुणाला सुचलंच नाही. ताज्या गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला गेला. पोळत होता तरी मी टाकला नाही.

लग्न वैशाखात. तुम्ही यायचंच.

आणि हो, त्यांच्या सदऱ्याचं बटण अजून तुटलेलंच आहे. आता ते माझ्याकडे लागलं.

छबू


अमेरिका,
२१ मार्च १९७४

प्रिय दादा, आणि छबू, तुलाही,

तुमची दोघांची पत्रं आली. छबूचं पत्र मी कामाच्या ठिकाणी मोठ्यानं वाचलं; भाषा कुणाला कळली नाही, पण मला हसताना पाहून सगळे हसले.

दादा, डॉक्टरांना विचारलं. खरं ते कळवतो. मिटलेल्या नळ्या बहुधा मिटलेल्याच राहतील, पण जाळापुढे उभं राहिलास तर शेजारच्या नव्या फुगतील. म्हणजे उपाय करायचा तर चुलवाण सोडायला हवं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही. त्यांनी मग दुसरं सांगितलं. चुलवाणाच्या तोंडापुढे पत्र्याची आड लाव, डोक्याला ओलं फडकं बांध, चहा निववून पी. तरीही यायचं असेल तर दार उघडं आहे. कुणाच्या बोलण्यासाठी येऊ नकोस. तुला हवं असेल तरच ये.

आता दाढीचं. मला कुणी रागावलं नाही, वहिनींना सांग. जानेवारीत मी डॉक्टरांना म्हटलं, भावाला एवढ्या लांबून आणायचं, तर आधी मला कळू दे की ते कसं लागतं. मलाही उजव्या कानापुढे दोन-तीन रेघा उमटू लागल्या होत्या. आपल्या घरचीच देणगी. त्यांनी तेवढ्या जागेवर प्रकाश टाकला. डोळ्यांवर झाकण होतं, मला काही दिसलं नाही. कढता रस ठिबकला की जसं चटकन लागतं, तसं लागत गेलं. मग खपली धरली. ती दिसू नये आणि तुम्ही विचारू नये म्हणून दाढी. खपली पडली, रेघा गेल्या. तिथे पावलीएवढी फिकट जागा राहिली आहे, ती हळूहळू मिसळेल म्हणतात.

तुला सांगणार नव्हतो. पण तूच लिहिलंस, लपवाछपवी बंद.

वैशाखात येतो.

कानिफ


पारनेर,
७ जुलै १९७४

प्रिय काका,

तुम्ही परत सुखरूप पोचल्याचं कार्ड आबांनी इकडे पाठवलं. मी इथे मजेत आहे. घरात वाचायला एवढं आहे की ढेपेच्या कागदांची आठवणही होत नाही. इकडे मटकी पेरून झाली. सासूबाई मला कामाला लावतात आणि मग स्वतःच ओरडतात, पोरीला किती काम सांगता म्हणून. सांगणाऱ्या त्याच असतात.

लग्नातली एक गोष्ट तुम्हाला अर्धीच ठाऊक असेल. हळदीच्या दिवशी आबांनी तुम्हाला ओट्यावर बसवून तुमचा गाल उजेडाकडे केला आणि त्या फिकट जागेवर अंगठा फिरवला. "दुखलं का रं?" एवढंच विचारलं. तुम्ही नाही म्हणून उठून गेलात. आबा मात्र बराच वेळ तो अंगठा धरून बसले होते. मला म्हणाले, "लहानपनी काहिलीजवळ येऊ द्यायचो न्हाई त्याला, भाजंल म्हनून. आन् माझ्यापायी तिकडं जाऊन भाजून घेतलं."

त्यांना मी विचारलं, तुमच्याकडे जायचं का. म्हणाले, "कशाला? आता मला बघून नाक धरनारं कोन ऱ्हायलंय?" पण पत्र्याची आड बसवली आहे, आणि चहा निववून पितात. आई सांगते, नाकाची लाली कणभर उतरली. तिला ते मुळीच आवडलेलं नाही. बाजाराच्या गर्दीत लांबून ओळखू यायचे म्हणे.

लग्नाचे फोटो आले. श्रीमंत फोटोवाल्यांनीच काढले आणि त्यांनीच रंगवले. या खेपेला मी काहीच सांगितलं नाही, तर त्यांनी मनापासून हात चालवला आहे. आबा, मामंजी, हे, मी, दोन्ही आया, तुमचा तो फिकट गालसुद्धा, सगळ्यांना एकच डाळिंबी रंग. बघणाऱ्याला वाटावं, सगळे एकाच आईच्या पोटचे.

मामंजींनी तो फोटो बाहेरच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल असा लावला आहे. परवा, लग्नात आबांना पाहून आलेले इथले एक पाहुणे त्याच्याकडे बघत डोळा मिचकावून म्हणाले, "काकासाहेब, व्याही जरा रंगीत दिसतात."

मामंजींनी त्यांना बसायला पाट दिला, पुढ्यात सोनईचा गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवला, आणि म्हणाले, "आधी खा. मग हंगामात एक दिवस त्यांच्या काहिलीपुढं बसून या. येताना मात्र यष्टीत मागच्या शिटावर बसा."

तुमची,
छबू